मुलगी केजमध्ये उतरायचं म्हणते तेव्हा

मुलीनं बॅडमिंटन शिकायचं म्हटलं तर हैदराबादेतल्या मराठी घरात कुणी दचकत नाही. सिंधू पहाटे उठून सिकंदराबादहून गचिबोवलीला कशी जायची, हे काचीगुड्यातल्या आजींनाही पाठ असतं. सानियाचं नाव घेतलं की टेनिसही खपून जातं. पण अकरावी-बारावीतली मुलगी जेवता जेवता “मला एमएमए करायचंय” म्हणाली, की ताटावरचे हात थांबतात. पहिली काळजी नाकाची, दुसरी लग्नाची, तिसरी शेजाऱ्यांची. पैसा, शिक्षक आणि मेंदू या तीन खऱ्या काळज्या त्या जेवणात कुणालाच सुचत नाहीत.

हा लेख अशा घरासाठी आहे. मुलीनंही वाचावा, आईवडिलांनीही. माझं मत आधीच सांगून टाकते: तिला अडवू नका, पण पहिली चार-पाच वर्षं तिला एमएमएमध्ये घालू नका. आधी कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो किंवा वुशू यांपैकी एक मान्यताप्राप्त खेळ तिच्या अंगात मुरू द्या. मोठ्या केजपर्यंत, म्हणजे लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यापर्यंत पोहोचलेल्या बहुतेक भारतीय मुली अशाच आडवाटेनं तिथे गेल्या आहेत.

खेळ नेमका काय आहे, ते घरच्यांनी समजून घ्यावं. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएत, ठोसे आणि लाथा चालतात, समोरचीला उचलून पाडता येतं आणि जमिनीवर पकडीत घेऊन शरणही आणता येतं. व्यावसायिक लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, विजेतेपदाची असेल तर पाच फेऱ्यांची. हातमोजे साधारण चार औंसांचे, बोटं उघडी. डोळ्यांत बोट घालणं, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं, केस ओढणं हे सगळं नियमबाह्य. हौशी गटात नियम बरेच कडक होतात. फेऱ्या तीन मिनिटांच्या असतात, मोजे जाड असतात, नडगीला गार्ड लागतो, कोपरानं मारायला बंदी असते. लहान वयोगटात तर डोक्यावर वारच करू देत नाहीत. घरच्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या रक्तबंबाळ चित्रफिती बहुधा व्यावसायिक लढतींच्या असतात. तुमची मुलगी पुढची कित्येक वर्षं त्यांच्या आसपासही जाणार नसते, निदान जाऊ नये.

आता पूजा तोमरची हकिगत. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातलं बुढाना हे तिचं गाव. तीन बहिणींतली ती धाकटी. वडील लहानपणीच गेले, आईनं तिघींना वाढवलं. पूजा कराटेकडून वुशूकडे वळली आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली. मग एमएमएतली सुपर फाइट लीग, मग सिंगापूरची वन चॅम्पियनशिप. तिथे तिच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभव जास्त आले. अनेकींनी तिथेच हातमोजे खुंटीला टांगले असते. ती भारतात परतली, मॅट्रिक्स फाइट नाइट या देशी स्पर्धेत एकामागून एक लढती जिंकत गेली आणि २०२३ मध्ये यूएफसी या अमेरिकी एमएमए संस्थेशी करारबद्ध होणारी पहिली भारतीय महिला ठरली. ८ जून २०२४ रोजी अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये तिनं ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला हरवलं. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

त्या निकालाची गुणपत्रिका पाहण्यासारखी आहे. एका पंचानं पूजाला ३०-२७ असं जिंकवलं, दुसऱ्यानं २९-२८ असं, आणि तिसऱ्यानं तिन्ही फेऱ्या प्रतिस्पर्धीला देऊन २७-३० असं हरवलं. एवढ्या वर्षांच्या कष्टांचं माप एकेका गुणात. या खेळात उतरणाऱ्या मुलीला आणि तिच्या बापाला ही अनिश्चितता पचवता आली पाहिजे. पुढची लढत २२ मार्च २०२५ ला लंडनमध्ये झाली. आयर्लंडच्या शॉना बॅननविरुद्ध पूजा दुसऱ्या फेरीत आर्मबारमध्ये, म्हणजे हाताचा कोपर उलटा ताणणाऱ्या पकडीत सापडली आणि हरली.

रितू फोगट दुसऱ्या टोकाची. हरियाणातल्या त्या प्रसिद्ध कुस्तीघराण्यातली ही मुलगी. राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकून, ऑलिंपिकचा रस्ता सोडून ती सिंगापूरला सरावाला गेली. २०१९ मध्ये पदार्पणातच जिंकली. ३ डिसेंबर २०२१ ला ती वन चॅम्पियनशिपच्या महिला ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सविरुद्ध हरली. कशानं? आर्मबारनंच. भोपाळची आशा रोका बॉक्सिंगमधून आलेली. २०१९ मध्ये बँकॉकला याच स्टॅम्पनं तिला मागून गळ्याला विळखा घालून शरण आणलं. पूजासुद्धा २०२० मध्ये जकार्तात स्टॅम्पकडूनच हरली होती, ती मात्र ठोशांनी.

ही स्टॅम्प मूळची कोण? मुआय थाई लढणाऱ्यांच्या घरातली, लहानपणापासून लाथा-ठोशांवर वाढलेली. पण तिनं बसून जमिनीवरची विद्या शिकून घेतली. आपल्या मुली कुस्ती, बॉक्सिंग किंवा वुशू घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यापैकी दोघी तिनं मागाहून शिकलेल्या या विद्येनं हरल्या. यातून मिळणारा सल्ला सरळ आहे. पहिला खेळ कोणताही असो, दुसरा ब्राझिलियन जुजित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींचा खेळ, असला पाहिजे, आणि तोही करार मिळाल्यावर नव्हे, पहिला खेळ चालू असतानाच तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आठवड्यातले दोन दिवस त्याला दिले तरी पुरे. कुस्तीच्या मुलींना यात एक खास अडचण येते. कुस्तीत पाठ टेकली की हरलो, म्हणून त्या चीत होण्याच्या भीतीनं झटकन पालथ्या होतात. एमएमएत असं पालथं होणं म्हणजे प्रतिस्पर्धीला आपली पाठ आणि गळा हातात देणं. अंगात भिनलेली सवय मोडायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मराठी नावही या यादीत आहे. मुंबईची मनजित कोळेकर सुपर फाइट लीगमध्ये सलग जिंकत गेली आणि केवळ महिलांच्या लढती भरवणाऱ्या इन्व्हिक्टा या अमेरिकी संस्थेत लढणारी पहिली भारतीय ठरली. तिथली लढत ती हरली म्हणून आपल्याकडे तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. कुस्तीच्या मैदानात मुलींनी केवढी मजल मारली हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. एमएमएत उतरलेल्या मनजितचं नाव मात्र दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच माहीत असतं. प्रसिद्धीसाठी या खेळात येणाऱ्या मुलीनं हेही लक्षात ठेवावं.

आधी मान्यताप्राप्त खेळ, असं मी का म्हणते? कारण पोट. सरकारी नोकऱ्यांतला खेळाडूंचा कोटा, महाविद्यालयातल्या क्रीडा कोट्याच्या जागा, शालेय राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं ही सगळी शासनमान्य खेळांच्या यादीवर चालतात. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो, वुशू, कराटे त्या यादीत आहेत, एमएमए नाही. खासगी जिमनं भरवलेल्या ‘राष्ट्रीय’ एमएमए स्पर्धेचं झळाळतं पदक नोकरीच्या अर्जाला जोडून उपयोग होत नाही. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांत एमएमएला प्रथमच जागा मिळाली, त्यामुळे पुढे चित्र बदलेलही. बदलेपर्यंत थांबायला तुमच्या मुलीकडे वेळ नसतो. आणि मान्यताप्राप्त खेळ काय देऊ शकतो, ते तेलंगणानं डोळ्यांसमोर ठेवलंय. निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत बॉक्सिंगची विश्वविजेती झाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकाविना परतली, तरी राज्यानं तिला पोलीस उपअधीक्षक नेमलं. एमएमएमध्ये हरल्यावर अशी वर्दी कुणी अंगावर चढवत नाही.

चारांपैकी कोणता खेळ निवडावा, हे मुलीच्या अंगकाठीवर आणि घराजवळ शिक्षक कोण आहे यावर ठरवा. माझी पसंती वुशूच्या सांडा प्रकाराला आहे. त्यात ठोसा, लाथ आणि पाडणं तिन्ही येतात, म्हणजे एमएमएचा निम्मा अभ्यास आपोआप होतो. मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीनं हांगझूच्या आशियाई स्पर्धांत सांडामध्येच रौप्य मिळवलं. मुलगी अंगानं भरलेली असेल आणि तिला अंगाला अंग भिडवायला आवडत असेल, तर कुस्ती किंवा ज्युडो. लांब हातांची, चपळ असेल तर बॉक्सिंग.

हैदराबादेत शोध घेताना इंटरनेटवरच्या जाहिरातीऐवजी आधी सरकारी संकुलं पालथी घाला. एलबी स्टेडियम, सरूरनगरचं इनडोअर स्टेडियम, गचिबोवली इथे राज्य क्रीडा प्राधिकरणाच्या सोयी आहेत. कोणत्या खेळाचा वर्ग कधी भरतो, शिक्षक कायम आहे की कंत्राटी, मुली किती आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन संध्याकाळच्या वेळी पाहा. फोनवर सगळं छानच असतं. मुलगी फार लहान असेल तर हकीमपेटच्या राज्य क्रीडा शाळेची चौकशी करा, तिथे चौथीत निवड करून घेतात. जुन्या शहरात, बारकसच्या बाजूला पैलवानकीची परंपरा अजून टिकून आहे, पण तिथल्या तालमींत मुलींना कितपत शिकता येईल, ते त्या त्या उस्तादावर आहे. विचारायला लाजू नका. “हमारी बच्ची सीखना चाहती, सिखाते क्या?” एवढं म्हटलं तरी हैदराबादी माणूस चहा पाजून खरं ते सांगतो.

एमएमए जिमकडे वळायची वेळ येईल तेव्हा फी भरण्याआधी तीन-चार दिवस नुसतं कडेला बसून पाहा. परवानगी देत नसतील तर तिथेच विषय संपला. बघायचं ते स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत. नवी मुलगी आली की तिला अनुभवी, तिच्यापेक्षा पंधरा किलो जड मुलासमोर ‘हिंमत बघायला’ उभं करतात का? दर आठवड्याला किती वेळा जोरात मारामारी होते? शहाणा प्रशिक्षक पूर्ण ताकदीचं स्पारिंग क्वचित लावतो आणि बाकी दिवस पॅड, तंत्र, हलक्या हाताच्या फेऱ्या करून घेतो. कुणी शरण आल्याची खूण म्हणून हातानं थापटलं की समोरचा क्षणात सोडतो की आणखी एक झटका देतो, हेही बघा. या एका गोष्टीवरून जिमचं शील कळतं. चटई रोज जंतुनाशकानं पुसतात का, मुलींना कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे की नुसती टांगलेली, ते पाहा. जिममध्ये आणखी किमान दोन-तीन मुली नियमित येत असाव्यात. त्यांच्याशी प्रशिक्षकाच्या माघारी बोला. भिंतीवरच्या फोटोंत प्रशिक्षक कुठल्या सिनेनटाबरोबर उभा आहे, याला काडीची किंमत देऊ नका. त्यानं घडवलेले खेळाडू कुठे लढले, एवढंच विचारा.

लैंगिक छळाचा विषय टाळून चालणार नाही. २०२३ मध्ये जंतर मंतरवर देशाच्या अव्वल महिला कुस्तीगीर याच तक्रारीसाठी धरणं धरून बसल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पकडी शिकवताना अंगाला हात लागणारच, तो खेळाचाच भाग आहे. म्हणूनच सीमारेषा आधी बोलून ठेवायला हवी. शिकवणं सगळ्यांसमोर, चटईवर. बंद खोलीत ‘खास’ सराव नाही, रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज नाहीत, परगावच्या स्पर्धेला प्रशिक्षकाबरोबर एकटीनं प्रवास नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था आणि स्टेडियमनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान जिमची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा आहे. हैदराबाद पोलिसांची शी टीम्स ही पथकं २०१४ पासून काम करताहेत. त्यांचा नंबर मुलीच्या फोनमध्ये साठवून ठेवा. आणि एक घरगुती नियम: मुलीनं काही सांगितलं तर “मग तो क्लासच बंद कर” हे पहिलं वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. त्या भीतीपोटीच मुली गप्प बसतात.

आता शरीर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त हानी इथेच होते आणि ती चटईवर कमी, वजनकाट्यावर जास्त होते.

यूएफसीत महिलांचा सर्वांत हलका गट ११५ पौंडांचा, म्हणजे साधारण ५२.२ किलोचा. त्यावर ५६.७ आणि ६१.२ किलोचे गट. काही संस्थांत ४७.६ किलोचाही गट असतो. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, म्हणून खेळाडू शेवटच्या काही दिवसांत पाणी तोडून, घाम गाळून पाच-सहा किलो उतरवतात आणि वजन झाल्यावर परत भरून काढतात. हा प्रकार जीवघेणा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा तरुण लढवय्या यांग जियानबिंग वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना दगावला. त्यानंतर त्या संस्थेनं पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी आणली आणि लघवीतून शरीरातल्या पाण्याची तपासणी सुरू केली. तुमची मुलगी अठराची होईपर्यंत तिनं स्पर्धेसाठी पाणी तोडायचं नाही, प्लास्टिकचा सूट घालून पळायचं नाही, जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. प्रशिक्षक आग्रह धरत असेल तर वरच्या वजनगटात खेळवा. हरली तर हरली.

पाळीकडे लक्ष ठेवा. सराव वाढला आणि खाणं कमी पडलं की आधी पाळी लांबते, मग बंद होते. मुलींना आणि कधी कधी प्रशिक्षकांनाही ते सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात ती शरीराची तक्रार असते. ऊर्जा पुरत नाही म्हणून शरीर एकेक खातं बंद करतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि मग साध्या सरावात पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं सक्तीचं समजा. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असताना गाळलेला घाम वाया जातो.

खाण्याबाबत हैदराबादकरांचं भाग्य असं की राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या तार्नाक्यातच आहे. भारतीय पदार्थांत किती प्रथिनं, किती लोह, याची तिनं प्रसिद्ध केलेली कोष्टकं जिममधल्या कुठल्याही डाएट चार्टपेक्षा भरवशाची आहेत. जोरात सराव करणाऱ्या मुलीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या मुलीला पंच्याहत्तर ते शंभर ग्रॅम. वरण-भात आणि एक वाटी मटकीची उसळ यांत ते भागत नाही. अंडी, दूध, पनीर, सोयाबीन, डाळी आणि घरात चालत असेल तर मासे-चिकन, असं दिवसभर वाटून द्यावं लागतं. रमजानच्या महिन्यात हलीम बंद असं फर्मान मात्र काढू नका, एका वाटीनं कुणी वजनगटाबाहेर जात नाही. डबाबंद पावडरी आणि ‘फॅट बर्नर’ यांच्याबाबत सावध राहा. त्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडतात आणि चाचणीत पकडलं गेल्यावर “मला माहीत नव्हतं” हे कुणी ऐकत नाही. सर्दीच्या गोळीपासून सगळं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अ‍ॅपवर तपासून घ्यायची सवय लावा.

डोक्याला मार बसल्यावर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. हेडगार्डमुळे भुवई फुटणं टळतं, आतला मेंदू हलणं टळत नाही. स्पारिंगनंतर डोकं दुखणं, मळमळ, प्रकाश सहन न होणं, तेच तेच विचारणं, चिडचिड यांपैकी काही दिसलं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांना दाखवणं. पुन्हा पुन्हा उलटी, एक बाहुली मोठी दिसणं, गुंगी वाढत जाणं असं झालं तर घरी थांबू नका, निम्स किंवा जवळचं मेंदूशल्यचिकित्सेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. बरं वाटल्यावरही लगेच स्पारिंग नाही. आधी चालणं, मग हलका व्यायाम, मग तंत्र, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर संपर्काचा सराव. लढतीत बेशुद्ध पडली तर किमान महिनाभर डोक्याला हात लागू द्यायचा नाही, मग प्रशिक्षक कितीही घाई करो.

गुडघ्याचं लिगामेंट मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं. मांडीच्या मागच्या स्नायूंचा आणि उडी मारून नीट उतरण्याचा व्यायाम पहिल्या वर्षापासून हवा. कातडीचं म्हणाल तर पावसाळ्यात चटईवरून गजकर्ण हमखास येतं. सरावानंतर लगेच अंघोळ, नखं कापलेली, दुसरीचा टॉवेल वापरायचा नाही. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, त्यानं डाग दबतो आणि रोग पसरतो. दातांचा गार्ड गरम पाण्यात मऊ करायचा स्वस्तातला घेण्यापेक्षा दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या. आयुष्यभर दात तेच राहतात.

पैशांचं खरं चित्र असं: यूएफसीत नव्यानं आलेल्या खेळाडूला एका लढतीचे साधारण दहा-बारा हजार डॉलर आणि जिंकल्यास आणखी तेवढेच मिळतात. ऐकायला बरं वाटतं. वर्षात लढती दोन-तीनच, त्यातून प्रशिक्षकाचा वाटा, मॅनेजरचं कमिशन, परदेशातला सराव, फिजिओ आणि कर. देशी स्पर्धांचं मानधन याहून कितीतरी कमी. म्हणजे पदवी आणि नोकरी किंवा निदान प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र सोबत असलंच पाहिजे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो, वुशू यांत करता येते. तिशीनंतर तीच कामाला येते.

करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. किती लढती, किती वर्षं, त्या काळात दुसरीकडे लढता येईल का, दुखापतीचा खर्च कोण उचलणार, प्रतिस्पर्धी जड निघाली तर नकार देता येईल का, एवढे प्रश्न तरी विचारा. “फक्त फॉर्मॅलिटी आहे, उद्या साइन करून द्या” म्हणणाऱ्याला एक आठवडा थांबवा. अपघात विमा काढला असेल तर त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, व्यावसायिक लढाऊ खेळ बहुधा तिथेच सापडतो. व्यावसायिक लढतीआधी डोळे, रक्त, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, महिलांसाठी गर्भधारणेची चाचणीही मागतात. जी संस्था यातलं काहीच मागत नाही, तिथे मुलीला लढवू नका. मागितलं नाही याचा अर्थ तिच्या प्रतिस्पर्धीचंही काही तपासलेलं नाही.

राहिलं लग्न. नाक जरा वाकडं झालं किंवा कान सुजून जाड झाला, तर त्यावरून स्थळ फिरवणारं घर तसंही तिच्या कामाचं नव्हतं. मेरी कोमनं जुळ्यांच्या जन्मानंतर २००८ मध्ये पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवलं. अमेरिकेची मॅकेन्झी डर्न २०१९ मध्ये बाळंतपणानंतर चार महिन्यांत केजमध्ये परतली. ती लढत हरली, पण पुढे कितीतरी वर्षं लढत राहिली. डर्नसारखी घाई मात्र कुणी करू नये असं मला वाटतं.

मुलीला एक सांगायचंय. घरचे नाही म्हणाले म्हणून चोरून जिमला जाऊ नकोस. दुखापत झाली तर ती लपवावी लागते, आणि लपवलेली दुखापत दुप्पट महाग पडते. त्याऐवजी आईला एकदा सरावाला घेऊन जा. आणि आईबाबांना विनंती: तिची पहिली हौशी लढत ठरेल तेव्हा, ती गचिबोवलीत असो की नागपूरला, तुमच्यापैकी एकानं प्रेक्षकांत बसा. सोबत तिच्या रक्तगटाची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता ठेवा.